दोन हिसके

“दोरीला हात लावायचा नाही,” बिडवे सर आबांना तिसऱ्यांदा म्हणाले.

“लावूचंय नाय,” आबांनी तिसऱ्यांदा कबूल केलं. डोळे मात्र दोरीवरून हलले नव्हते.

मी कुंडाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसले होते. पाठीवर दोन मोठी सिलिंडरं, दोन्ही कुशींना दोन-दोन लहान. मध्ये पडायचं म्हटलं तरी मला उठता आलं नसतं. एकीकडे माझे गुरू, नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झालेले पाणबुडे, गाव बार्शी. दुसरीकडे माझे वडील बाबल टिकम, गाव सर्जेकोट, चाळीस वर्षं समुद्रावर. बार्शीच्या माणसाने सर्जेकोटच्या माणसाला दोरीबद्दल शिकवायचं, हा मामलाच नाजूक होता.

“पण सायबानू, दोरी अशी सैल सोडलली कित्याक?”

“ते तुम्ही बघू नका, आबा. तुम्ही घड्याळ बघा. पावणेदोन तासांनी आमचे बुडबुडे या कुंडात दिसायला लागतील. तोवर काही करायचं नाही. नुसतं बसायचं.”

“बसतंय,” आबा म्हणाले आणि लुंगी सावरून काठावरच्या सपाट दगडावर बसले. दोरीची गाठ त्याच दगडाला होती.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत, एका सुपारीच्या बागेच्या मागे ते कुंड होतं. वरून पाहिलं तर आपल्याकडच्या मोठ्या विहिरीएवढं, सात-आठ मीटर खोल, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. पण त्याच्या एका कुशीत, पाण्याखाली, चुनखडीत एक बुटकं तोंड होतं. आत चाळीस मीटरांचा आडवा बोगदा, मध्यावर एक वळण, आणि बोगदा संपला की सरळ खाली उतरणारी काळीकुट्ट खोली. तिचा तळ कोणी पाहिला नव्हता. सर आधीच्या दोन वर्षांत सत्तर मीटरपर्यंत जाऊन आले होते. या खेपेला तळ बघायचाच, असा त्यांचा पण होता आणि सोबतीला त्यांनी मला निवडलं होतं. त्या निवडीने मी किती फुगले होते, ते आज सांगायलाही लाज वाटत नाही.

समुद्रात काही बिघडलं तर माणूस वर येतो. गुहेत वर दगड असतो. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत यायचं, आणि ती वाट म्हणजे दोरी. सुतळीएवढी जाड, पांढरी, नायलॉनची. जाताना ती दगडांना अडकवत, बांधत न्यायची. आत माती उसळली की दिव्याचा उपयोग शून्य. मग दोरी अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरायची आणि ती नेईल तिकडे जायचं.

आबा तिथे आले होते ते माझ्यामुळे. आमच्या तुकडीतला तिसरा गडी पहिल्याच दिवशी चिखलात घसरला आणि घोटा मोडून घरी गेला. वर बसायला आणि सिलिंडरं भरायचा कॉम्प्रेसर चालवायला माणूस हवा होता. मी म्हटलं, “माझे वडील येतील. इंजिन त्यांच्या हातचं आहे.” सर म्हणाले, “जबाबदारी तुझी, दर्शना.” मी म्हटलं, “माझी.”

तीन दिवस रेल्वेने प्रवास करून, पिशवीभर सुके बांगडे घेऊन आबा हजर झाले. बागेची मालकीण काँग दारिसा, काँग म्हणजे तिकडची ताई, हिला त्यांनी पहिल्या दिवशी चार बांगडे दिले, तिने त्यांना सुक्या मासळीची चटणी दिली. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं, पण रोज लाल चहा पिताना गप्पा मात्र तासभर चालत. माझ्याशी बोलताना आबांचा सूर वेगळा असायचा.

“दर्याक तोटा पडलो काय गो? बिळात कित्याक घुसतंस? बीळ कुर्ल्याचा.” गुहा त्यांच्या लेखी खेकड्याचं बीळ.

“आबा, तुमी पण शिणाणे काढूक जायत होतात मां?”

“तां पोटासाठी होतां,” ते म्हणायचे आणि तोंड फिरवायचे.

उमेदीत आबा शिणाणे काढायचे, खडकांना चिकटलेले ते काळे शिंपले. नळी नाही, सिलिंडर नाही, छातीतला श्वास आणि कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक किनाऱ्यावरच्या खडकाळ खडपावर उभ्या असलेल्या माझ्या आईच्या हातात. खालून एक हिसका आला तर मी बरा आहे. दोन आले तर ढील दे. तीन आले तर ओढ. शाळेत जायच्या आधी मला ही बाराखडी पाठ होती. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही पाण्यात शिरलो. वळणावर सरांनी दोरी तपासली. तिथे ती बाहेरच्या अंगाला एका दगडी गुडघ्याला नुसती अडकवलेली होती, खालच्या बाजूने, ऐसपैस. त्याच्या पुढे मात्र प्रत्येक टप्प्यावर पक्की गाठ. पुढे आम्ही उभ्या खोलीत उतरलो. साठ मीटर, सत्तर. सत्तरच्या खाली दोरी मी बांधत होते. माझ्या आधी तिथे कुणाचा हात लागला नव्हता, आणि मी प्रत्येक गाठ बांधताना दात विचकून हसत होते, तोंडात रबर असूनही.

एक्क्याऐंशीवर सरांच्या तोंडातल्या नळीने दगा दिला. तिच्यातून हवा धबाधबा सुटायला लागली आणि थांबेना. सरांनी दुसरी नळी तोंडात घेतली, मी त्यांच्या पाठीमागची चावी बंद केली. फार तर मिनिटभराचं काम, पण त्या खोलीवर मिनिटात जेवढी हवा जाते तेवढी वर तासाभरात जात नाही. सरांनी गेज पाहिलं आणि अंगठा वर केला. आमच्यात त्याचा अर्थ एकच, परत फिरा. तळ माझ्या दिव्याच्या टोकाला कुठेतरी होता. दिसला नाही.

इतक्या खोलवरून झटकन वर येता येत नाही. रक्तात मुरलेला वायू सावकाश बाहेर काढावा लागतो. ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं लटकत राहायचं, नाहीतर वर येऊन पांगळं व्हायचं किंवा मरायचं. आम्ही लटकलो. कुशीची सिलिंडरं एकेक करून रिकामी झाली. शेवटची पन्नास मिनिटं शुद्ध ऑक्सिजनवर काढायची होती, आणि ती ऑक्सिजनची सिलिंडरं टांगली होती बाहेर, कुंडात. मध्ये फक्त चाळीस मीटरांचा बोगदा. सरांच्या पाठीवरच्या हवेचा काटा लाल रेघेला टेकला होता. माझ्याकडची हवा दोघांनी मिळून घेतली तर दहा मिनिटं. बोगद्याला चार लागतात.

तेवढ्या वेळात आमच्याच बुडबुड्यांनी बोगद्याच्या छतावरची माती सुटून खाली आली होती. दिवा डोळ्यांशी धरला तरी दिसत नव्हता. मी माझी लांब नळी सरांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडात घेतली आणि माझा दंड पकडला. मी दोरी बोटांच्या कड्यात धरली आणि निघाले.

वीस मीटर बिनबोभाट गेलो. मग माझा हात दगडावर आपटला.

दोरी पुढे जात होती, मी जाऊ शकत नव्हते. चाचपून पाहिलं. दोरी एका आडव्या भेगेत शिरली होती. भेग माझ्या पंजाएवढी उंच, आणि मनगटाच्या पुढे हातही आत जाईना. येताना ही भेग वाटेत नव्हती. म्हणजे आम्ही वळणावर होतो आणि दोरी जिथे असायला हवी तिथे नव्हती. दगडी गुडघ्यावरून सुटून ती आतल्या कोपऱ्याला ओढली गेली होती. सरांनी माझा दंड एकदा दाबला, काय झालं म्हणून. मी त्यांचा हात धरून भेगेवर ठेवला. त्यांचा हात क्षणभर तिथेच राहिला.

शिकवलेलं होतं ते केलं. कमरेची लहान रीळ काढली, तिचं टोक दोरीला बांधलं आणि उजवीकडे वाट शोधायला सरकले. दगड. खाली सरकले. गाळ आणि पुन्हा दगड. परत आले. तीन मिनिटं गेली होती. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. अंगातली थंडी दातांपर्यंत आली. सरांसारखा माणूस माझ्या हवेवर जगत होता आणि मी दगड कुरवाळत होते.

पुन्हा चाचपायला म्हणून मी दोरीवर बोटं ठेवली आणि तशीच थांबले.

दोरी ताठ होती. पण दगडाला बांधलेल्या दोरीचा ताठपणा वेगळा, तो मुका असतो. ही दोरी किंचित, अगदी किंचित हलत होती. एका लयीत सैल पडत होती, ताणली जात होती. लहानपणी खडपावर आईच्या शेजारी बसून मी असली दोरी शेकडो वेळा हातात घेतली होती. दुसऱ्या टोकाला माणूस होता. तो श्वास घेत होता.

मी दोन हिसके दिले.

काही झालं नाही. मी आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार. सरांची पकड घट्ट झाली. त्यांना वाटलं असणार पोरीचं डोकं फिरलं, वाटेची दोरी ओढतेय.

मग दोरी सैल पडली.

नुसती सैल नाही, हात-हात येत गेली. मी ती भेगेतून उपसून काढली, ती जिकडे खाली बसत होती तिकडे हात नेला तेव्हा दगडी गुडघा लागला, आणि त्याच्या पलीकडे, जिथे सकाळी होती तिथे, ती बसवली. एक हिसका दिला. सैल दोरी हळूच सरळ झाली आणि तिथे थांबली. ओढ नाही, लोंबकळणं नाही. वळणाच्या पलीकडे वाट उघडी होती.

दोन मिनिटांनी डोळ्यांना हिरवा उजेड दिसला.

कुंडात सहा मीटरवर आम्ही ऑक्सिजनच्या नळ्या तोंडात घेतल्या आणि पन्नास मिनिटं लटकलो. पाणी तिथे स्वच्छ होतं. मान वर केली की काठावरचा सपाट दगड दिसत होता, त्याच्यावरून पाण्यात सोडलेला एक काळा हात आणि त्या हाताला एक वेढा दिलेली पांढरी दोरी. मी पन्नास मिनिटं तो हात बघत राहिले. सरही बघत होते, पण त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

वर आल्यावर सरांनी तोंडावरचं काढलं आणि पहिलं वाक्य बोलले, “दोरी कुणी ताणली?”

“मीयाच,” आबा खुशीत म्हणाले. “तुमी गेल्यार बगलंय, नुसती लोंबत होती. दोन वाव ओढून घेतलंय आनी हातात धरून बसलंय. वायच बरी दिसता मां आता?”

सरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. “तीनदा सांगितलं होतं! मुद्दाम सैल ठेवली होती ती, वळणावर खाली बसावी म्हणून! तुम्ही ताणलीत आणि ती भेगेत गेली. आम्ही आत मेलो असतो, आबा! तुमची मुलगी मेली असती!”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलू शकले असते. खरं आहे अशी मान हलवली.

त्यांनी हाताचा दोरीचा वेढा सोडला. काँग दारिसा चहाची किटली घेऊन आली होती, ती किटलीसकट मागच्या मागे वळली. सर फटाफट पट्टे सोडत होते. मला सरांचा राग आला, आबांचा आला, आणि ‘जबाबदारी माझी’ म्हणणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त आला.

“सर,” मी म्हटलं, “ती सैल कोणी केली ते विचारा.”

“म्हणजे?”

“मी दोन हिसके दिले.”

सर आबांकडे वळले. आबा आपल्या तळहाताकडे बघत होते. दोरीचा लाल वळ अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत उमटला होता.

“दोन हिसके इले,” आबा सावकाश म्हणाले, “ढील दिलंय. तेच्यात काय इचारूचा?”

सरांनी तो वळ पाहिला आणि हातातला पट्टा खाली ठेवला.

आमच्यात एक रीत आहे. बुडी झाली की त्याच दिवशी उजेड असेपर्यंत वही भरायची. काय चुकलं ते नावासकट लिहायचं, मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी सही करायची. कुणाला वाईट वाटेल म्हणून काही गाळायचं नाही. गाळलेली चूक पुढच्याला मारते. चार वाजता सर सुपारीच्या सावलीत वही घेऊन बसले. लिहिलं आणि वाचून दाखवलं. नळी बिघडली, ती आदल्या दिवशी तपासली नव्हती : बिडवे. छताची माती सुटेल हे ध्यानात घेतलं नाही : बिडवे, टिकम दर्शना. मनाई असताना मुखाजवळची दोरी ताणली : टिकम बाबल.

आबांनी मान खाली घालून ऐकलं. सरांनी पेन पुढे केलं. आबांनी ते घेतलं नाही.

“फुडे लिया.”

“काय?”

“ताणलंय ती चूक माझी. मान्य. पाया पडतंय तुमच्या. पण ढील दिलंय तांव मीयाच. दोनीव लिया.”

चौथी शिकलेला माझा बाप कमांडरला वही पुरी करायला सांगत होता. आवाज चढवला नव्हता, गयावयाही करत नव्हता. मला माझ्या सत्तरच्या खालच्या सगळ्या गाठी त्या क्षणी हलक्या वाटल्या.

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग वही परत मांडीवर घेतली आणि लिहिलं. वाचलं, “दोन हिसक्यांवर वेळेत ढील दिली : टिकम बाबल.” थोडं थांबून आणखी एक ओळ लिहिली आणि तीही वाचली. “दोरी सैल का ठेवली हे विचारलं असताना सांगितलं नाही : बिडवे.”

आबांनी सही केली. त्यांना सहीला वेळ लागतो. आम्ही दोघं थांबलो.

सर सिलिंडरांकडे गेले तेव्हा मी आबांजवळ सरकले. “सरांनी तीनदा सांगितल्यानी हुता. मगे हात कित्याक लावलात?”

मला वाटलं होतं, जित्याची खोड म्हणून हसतील. ते हसले नाहीत.

“तुझी आवस बारा वर्सां माझी दोरी धरून खडपार उबी रव्हली,” ते म्हणाले. “शेजारणी सांगीत, खुट्याक बांध गो, हात दुकतले. आयकल्यान नाय. मिया खाली आसताना तिणा येक दिस दोरी बांधल्यान नाय. खाली काळोख आसायचो. पण माका म्हायत होतां, वर हात आसा.” त्यांनी वळ उठलेला तळहात लुंगीला पुसला. “आनी तू खाली आसताना मिया घड्याळ बगीत बसू?”

मी त्यांचा हात घेतला आणि तो वळ नुसता बघत राहिले.

“रडतंस कित्याक? कितको खोल गेलंस तां सांग.”

“एक्क्याऐंशी मीटर. म्हणजे चव्वेचाळीस वाव.”

आबांनी ओठ हलवून ते मनाशी मोजलं. “मिया सात वावांच्या खाली कदी गेलंय नाय,” ते म्हणाले, आणि काँग दारिसाच्या घराकडे निघाले. जाताना तिला हातवारे करून काहीतरी सांगत होते. एक हात छातीशी आणि दुसरा पार जमिनीखाली. ती डोळे विस्फारून माझ्याकडे बघायला लागली.

दोन दिवस विश्रांती झाली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा काठावर पाय सोडून बसले. सरांनी नळ्या दोनदा तपासल्या. मग ते सपाट दगडाकडे वळले.

“आबा.”

“सांगा, सायबानू.”

“दोरीला हात लावून बसायचं. ओढायचं मात्र नाही.”

“ओढूचंय नाय,” आबा म्हणाले, आणि या खेपेला त्यांची नजर सरांच्या डोळ्यांत होती.

त्या दिवशी आम्ही तळ पाहिला. शहाण्णव मीटरवर पांढरी वाळू, तिच्यावर आमच्याआधी काहीच नव्हतं. सरांनी मला पुढे केलं आणि शेवटची गाठ मी मारली. त्या गुहेचा नकाशा आज माझ्या मालवणच्या शाळेत भिंतीवर आहे, त्याच्या खाली ते वहीचं पान काचेत लावलंय. मुलं तळाचा आकडा बघतात. मी त्यांना पान वाचायला लावते, मोठ्याने, आबांच्या दोन्ही ओळी.

पण मला त्या दिवसातलं तळापेक्षा वळण जास्त आठवतं. त्या दगडी गुडघ्यापुढे दोरी पक्की बांधलेली. हिसका तिथवरच पोचतो, पुढे नाही. सर पुढे गेले होते. मी मागे थांबले, दोरी दोन बोटांत धरली आणि एक हिसका दिला.

लगेच वरून एक आला.